पाटीवर माझंच चित्र का?

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे आणि मला राग आलेला आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गळा दाटून आणायचा असतो, असा एक रिवाज आहे. तो मला जमणार नाही. जे घडलं ते मी सरळ सांगणार आहे. मध्येच माझा आवाज चढला तर ऐकून घ्या, कारण आजवर माझं कुणी ऐकून घेतलेलं नाही.

घरगाडी म्हणजे काय, ते आधी सांगते. बाहेरून पाहिलंत तर मी एक आखूड बस आहे. आत आलात तर एका खोलीचं घर. दिवसा ज्यावर बसायचं तो बाक रात्री उलगडला की पलंग होतो. खिडकीखाली दोन शेगड्यांचा ओटा आहे, शेजारी भांडी घासायचं लहानसं बेसिन. मागच्या कोपऱ्यात एक शौचालय आहे. त्यात उभं राहिलं तर बसता येत नाही आणि बसलं तर वळता येत नाही, पण आहे. माझ्या पोटाखाली दोन टाक्या आहेत. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी घाणीची. पहिलीचं कौतुक सगळे करतात. दुसरीचं नाव कुणी काढत नाही. माझी सगळी कहाणी मात्र त्या दुसरीपाशी येऊन अडली.

मी जन्माला आले ती घरगाडी म्हणून नव्हे. एका काचेच्या कारखान्यातल्या कामगारांना घरून आणायचं आणि घरी सोडायचं, हे माझं पहिलं काम. कामगार दमलेले असायचे, माझ्या खिडकीला डोकं टेकून झोपायचे. काचेवर त्यांच्या केसांच्या तेलाचे गोल डाग पडायचे. पुढं कारखाना बंद झाला. मला एका वखारीच्या मागं उभं केलं आणि सगळे मला विसरले. माझ्या आसनांवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. आणि मित्रांनो, ज्या माणसांना मी वर्षानुवर्षं वेळेवर घरी पोचवलं, त्यांच्यातलाच एक जण जाता जाता म्हणाला, "खटारा आहे नुसता, भंगारात द्या." तो माझा पहिला राग.

मग एके दिवशी आत्या आली.

आत्या म्हणजे बस चालवणारी बाई. उभं आयुष्य तिनं डोंगरातल्या घाटांतून प्रवाशांनी भरलेल्या बस चालवल्या होत्या. वळणावर स्टेअरिंग फिरवून फिरवून तिचे खांदे पैलवानासारखे झाले होते. गल्लीतली लहानथोर सगळी तिला आत्याच म्हणत, तेव्हा मीही तेच म्हणते. निवृत्त झाली त्या दिवशी तिला हार घातला, शाल दिली, आणि कुणीतरी विचारलं की आता काय करणार. ती म्हणाली की डोंगरातली सगळी जुनी गावं तिनं आजवर पाठीमागच्या आरशातून पाहिली आहेत. आता समोरून पाहायची आहेत.

तिनं माझ्या टायरला लाथ मारली, बॉनेट उघडून बराच वेळ आत डोकं घालून उभी राहिली, आणि कोंबड्यांना हुसकून लावलं. मी तिची झाले.

तिच्याबरोबर तिची वहिनी होती. वहिनी शिवणकाम करायची. आत्याचा भाऊ लवकर वारला, तेव्हापासून या दोघी एकाच घरात राहत होत्या आणि त्याच्या मुलाला दोघी मिळून वाढवत होत्या. नणंद-भावजय म्हणजे विळ्या-भोपळ्याचं नातं, असं जग म्हणतं. यांचं नातं सुई-दोऱ्याचं होतं. एकीवाचून दुसरीचं अडायचं, आणि टोचायची मात्र एकच. टोचायची ती वहिनी. मला हिरवा रंग द्यावा असं आत्याचं मत होतं. वहिनीनं विचारलं की डोंगरात गाडी हरवायचा बेत आहे का, आणि मला पिवळा रंग लागला.

पडदे वहिनीनं शिवले. गाद्यांच्या खोळी तिनंच शिवल्या. बरण्या वळणावर पडू नयेत म्हणून फळीला आडवी नाडी तिनंच लावली. घाणीची टाकी बसवायला एक फिटर आला होता. टाकीच्या तळाला झडप, झडपेला एक दांडा. दांडा फिरवला की टाकी रिकामी. वहिनीनं वाकून पाहिलं आणि विचारलं की रस्त्यात दगड लागून दांडा आपोआप फिरला तर? फिटर म्हणाला, असं कधी होत नाही.

"होत नाही ते ठीक," वहिनी म्हणाली. "झालं तर कुणाच्या दारात होईल?"

फिटर हसला, पण त्यानं दांड्याला आरपार भोक पाडून बोटाएवढी जाड पोलादी खिट्टी बसवून दिली. ती ओढून काढल्याशिवाय दांडा हलणार नाही, असा बंदोबस्त झाला. त्या खिट्टीला वहिनीनं तांबडी दोरी बांधली.

मग सुरू झाली ती आमची चांगली वर्षं. उन्हाळा आला की आम्ही डोंगरात जायचो. चढावर मी धापा टाकायची, मागं गाड्यांची रांग लागायची, भोंगे वाजायचे. आत्या शांतपणे कडेला घेऊन सगळ्यांना पुढं जाऊ द्यायची. एका गावाची दगडी वेस इतकी अरुंद होती की मी मधेच अडकले. वरच्या मजल्याच्या खिडकीतून एक म्हातारी "डावीकडे, अगं डावीकडे" असं सांगत राहिली आणि तिच्या सांगण्यावर आम्ही सुटलो. एका गावातली घरं गल्लीवर इतकी झुकलेली होती की समोरासमोरच्या शेजारणी खिडकीतून खिडकीत मीठ देत. एका गावच्या बाजारपेठेत लाकडी खांब होते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाठी टेकून ते आरशासारखे गुळगुळीत केले होते. वहिनीनंही टेकून पाहिली आणि म्हणाली, आता आपलीही पाठ यात जमा झाली.

जिथं थांबायचो ती जागा निघताना झाडून ठेवायची, हा दोघींचा नेम. घाणीची टाकी रिकामी करायला मोठ्या शहरांत एक ठरलेली जागा असते. वाट वाकडी करावी लागली तरी आत्या तिथंच जायची. हातमोजे घालायची, खिट्टी काढायची, काम उरकायची आणि खिट्टी जागेवर गेली की नाही ते वहिनी स्वतः पाहायची.

या सगळ्या गावांत एक गाव आमचं विशेष लाडकं होतं. त्या गावाच्या वर डोंगरात एक झरा आहे. झऱ्याचं पाणी दगडी पाटातून खाली येतं आणि चौकातल्या कुंडात पडतं. तो पाट कुणी बांधला हे कुणालाच ठाऊक नाही, इतका जुना. कुंडाच्या काठावर घागरी टेकवून टेकवून दगडाला खळगे पडले आहेत. सगळं गाव तेच पाणी पितं.

कुंडाला लागून एका पाववालीची भट्टी होती. कोपरापर्यंत पीठ माखलेली, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई. तिचे सासरे रोज सकाळी कुंडाच्या पायरीवर काठी घेऊन बसत आणि पाणी आधी कुणी भरायचं, मग कुणी, ते ठरवत. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी ते घेतलं होतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आत्या रांगेत शेवटी उभी राहिली. आजोबांनी काठीनं तिला पुढं बोलावलं, म्हणाले की पाहुण्याला आधी पाणी, आणि स्वतः उठून माझ्या टाकीत पहिली कळशी ओतली. वहिनीनं त्यांचा कोट उसवलेला पाहिला आणि तिथंच पायरीवर बसून शिवून दिला. तेव्हापासून दर वर्षी आम्ही गेलो की पाववाली भट्टीतला पहिला गरम पाव माझ्या दारात आणून द्यायची आणि आत येऊन बाकावर बसायची. तिघींच्या गप्पांना धरबंध नसायचा.

मित्रांनो, हे सगळं मी कौतुकानं सांगते आहे असं समजू नका. पुढं जे झालं त्याचा राग तुम्हाला नीट यावा, म्हणून सांगते आहे.

आत्याचे गुडघे गेले. घाटात ब्रेकवर पाय दाबून धरताना तिचा चेहरा पांढरा पडायला लागला. डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलं. माझी किल्ली भाच्याकडे गेली.

हा भाचा म्हणजे वहिनीचा मुलगा. दोन आयांच्या मांडीवर वाढलेला, म्हणून सगळे त्याला राजे म्हणत. राजे मुळात दुष्ट नव्हता, हे मला रागातही कबूल आहे. तो गोड बोलायचा. आत्याचे पाय चेपायचा. पण कष्टाचं काम समोर आलं की त्याला एखादी जवळची वाट सापडायची, आणि त्या जवळच्या वाटेचा त्रास नेहमी दुसऱ्याला व्हायचा. लहानपणी त्याचं ताट आई उचलायची, मोठेपणी आत्या. तो म्हणाला की गाडी नुसती उभी राहून गंजेल, त्यापेक्षा सहलीला जाणाऱ्यांना मी फिरवून आणतो, चार पैसे मिळतील. दोघींनी मान डोलावली.

त्यानंतर माझ्यात जी माणसं चढली त्यांच्याविषयी मी काय बोलू! त्यांनी वहिनीच्या पडद्यांना हात पुसले. बाकाच्या फळीवर चाकूनं आपली नावं कोरली. त्या खिडकीतून मीठ देणाऱ्या शेजारणींना त्यांनी फोटोसाठी तेच पुन्हा पुन्हा करायला लावलं, आणि त्या कंटाळून आत गेल्या तर त्यांना खडूस म्हणाले. ज्या वेशीतून मी अंग चोरून गेले होते, तिच्या दगडावर एकानं खिळ्यानं बदाम काढला. राजे समोर उभा होता. त्यानं पाहिलं आणि हसला. गिऱ्हाईक नाराज होऊ नये, एवढाच त्याचा धर्म.

माझ्याकडेही कुणी पाहत नव्हतं. तेल बदललं नाही, वायपर तुटला तो तुटलाच. घाणीची टाकी मात्र भरत होती. ती कुणाची वाट पाहत नाही.

त्या दिवशी आम्ही झऱ्याच्या गावाकडे चाललो होतो. टाकी काठोकाठ भरली होती आणि वास आत येऊ लागला होता. मागं बसलेली मंडळी कुरकुरत होती. एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली की आम्ही याचे पैसे दिलेले नाहीत. टाकी रिकामी करायची जागा मागं खाली शहरात राहिली होती. परत जायचं म्हणजे अख्खा घाट उतरून पुन्हा चढायचा. राजेनं गाडी एका वळणावर थांबवली. भर दुपार होती, पण धुकं इतकं होतं की रस्त्याची कड दिसत नव्हती. तो खाली उतरला, माझ्या पोटाखाली शिरला आणि त्यानं तांबड्या दोरीला हात घातला.

मित्रांनो, मी गाडी आहे. मला भोंगा आहे, पण तो वाजवायला दुसऱ्याचा हात लागतो. मला ब्रेक आहे, पण तो दुसऱ्याच्या पायाखाली. मला काहीही करता आलं नाही. त्यानं खिट्टी काढली, दांडा फिरवला आणि माझ्या पोटातली सगळी घाण उतारावर सोडून दिली. त्या उताराच्या तळाशी दगडी पाट होता. त्याला तो ठाऊक होता. शाळकरी असताना तो आईबरोबर माझ्यातूनच इथं आला होता, तेव्हा त्यानं त्याच पाटात कागदी होड्या सोडल्या होत्या. त्यानं खाली वाकून पाहिलं, धुक्यात काही दिसलं नाही, आणि जे दिसत नाही ते नाहीच असं त्यानं ठरवलं. खिट्टी परत लावली. हात पुसले. शीळ घालत गाडी सुरू केली.

आम्ही गावात मुक्कामाला थांबलो. मंडळी बाजारात फिरली. पाववाली मला पाहून धावत आली. नणंद-भावजय कुठं आहेत म्हणून तिनं विचारलं, राजेला ओळखून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्या हातात गरम पाव दिला. तो पाव त्यानं खाल्ला. कसा खाल्ला, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं आजारी पडू लागली. आधी कुंडाजवळच्या घरांत, मग वरच्या गल्लीत. उलट्या, जुलाब, ताप. शाळा बंद झाली. पाववालीनं भट्टी विझवली, कारण तिचे सासरे पायरीवरून उठताना कोसळले होते. त्यांना खांद्यावर घालून दवाखान्यात न्यावं लागलं. दवाखान्यात खाटा पुरेनात, तेव्हा चटया अंथरल्या.

पाणी बिघडलं हे कळायला वेळ लागला नाही. माणसं पाटाच्या कडेकडेनं वर चढली आणि वळणावर त्यांना सगळं दिसलं. ओल्या मातीत टायरांचे ठसे होते. गावात घरगाडी एकच होती, पिवळी. लोक माझ्याभोवती जमले.

गावप्रमुख एक बाई होत्या. त्यांनी राजेला काय झालं ते विचारलं. त्यानं एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याला जवळची वाट सापडली.

"गाडी फार जुनी आहे हो," तो म्हणाला. "झडप आपोआप उघडली असणार. मला काहीच कळलं नाही."

असं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. आणि लोकांनी ते खरं मानलं! माझा पोचलेला पत्रा, तुटलेला वायपर, उडालेला रंग, हाच माझ्याविरुद्धचा पुरावा. ज्यानं माझी ही दशा केली तोच ती दाखवून सुटू पाहत होता. कुणीतरी माझा दिवा दगडानं फोडला. कुणी म्हणालं, हिला दरीत ढकला. माझ्यातून उतरलेली सहलीची मंडळी मागच्या मागं मिळेल त्या वाहनानं निघून गेली. आम्ही या गाडीचे नाहीच, असा त्यांचा आव होता. पाववाली गर्दीच्या कडेला उभी होती. माझ्याकडे अशी पाहत होती, जसं घरात घेतलेल्या माणसानं चोरी केल्यावर त्याच्याकडे पाहतात.

माझी कागदपत्रं आत्याच्या नावावर, तेव्हा गावप्रमुखांनी तिला फोन केला. दोघी मिळेल त्या बसनं निघाल्या. चौकात उतरल्या तेव्हा आत्याला काठी लागत होती आणि वहिनीच्या हातात पिशवी होती, आजाऱ्यांसाठी घाईघाईनं भरलेली.

आधी त्या दवाखान्यात गेल्या. तिथून परत आल्या तेव्हा वहिनीचा चेहरा निराळा होता. गर्दी पुन्हा जमली. गावप्रमुखांनी दोघींना समजुतीच्या सुरात सांगितलं की गाडी जुनी होती, झडप उघडली, असं तुमचा मुलगा म्हणतो. गाडी मोडीत काढा, गावाची भरपाई करा आणि विषय संपवा. पोराचं वय आहे, त्याच्यावर किटाळ नको. राजे मान खाली घालून उभा होता. त्यानं हळूच आईकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं, ते मला माझ्या फुटक्या दिव्यातूनही दिसलं. लहानपणी ताट न उचलता उठताना तो असाच पाहायचा.

आत्या गुडघ्यांची पर्वा न करता रस्त्यावर बसली, वाकून माझ्या पोटाखाली तिनं नजर टाकली. उठायला तिला दोघांचा हात लागला. तिनं फक्त वहिनीकडे पाहिलं, कारण मुलगा तिचा होता आणि बोलायचं की नाही हे तिनंच ठरवायचं होतं.

मग वहिनी वाकली. तांबडी दोरी होती तिथंच होती. खिट्टी घट्ट, आतपर्यंत. वहिनी सरळ उभी राहिली आणि पदराला हात पुसत राहिली, किती तरी वेळ. हात स्वच्छ होते, तरी पुसत राहिली. एक शब्द न बोलता तिला मुलाला घरी नेता आलं असतं. गाव तयार होतं. भंगारात मी गेले असते, एवढंच.

"झडप आपोआप उघडली म्हणतोस," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण चौकभर ऐकू गेला. "मग खिट्टी परत कुणी लावली?"

राजेनं तांबड्या दोरीकडे पाहिलं.

"मी तुझी आई आहे," वहिनी म्हणाली. "तुझ्यासाठी मी खोटं बोलेन असं तुला वाटलं, ही चूक माझी. पण दवाखान्यात ते आजोबा पडलेत, त्यांना मी काय सांगू? गाडीनं केलं म्हणून?"

राजे रडायला लागला. मी पाघळले नाही. मला त्याची दया आली नाही, आणि ती यायला हवी होती असंही मी म्हणणार नाही. त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं. एक माणूस त्याला मारायला धावला. त्याला आत्यानं काठी आडवी धरून थांबवलं आणि सांगितलं की मारून पाट धुतला जाणार नाही. हा धुवेल.

आणि त्यानं धुतला. पाट वरपासून खालपर्यंत घासायचा होता, कुंड उपसायचं होतं. राजे गुडघाभर चिखलात उभा राहून दगड खरवडत होता. त्याच्या हातांना फोड आले, तेव्हा आईनं फडकं बांधून दिलं. घरी जा, असं मात्र म्हणाली नाही. गावाला तोवर पाणी कुठून आणायचं? माझ्यातला पलंग, बाक, फळ्या सगळं काढून टाकलं आणि आत पिंपं भरली. खालच्या नदीच्या गावाहून चांगलं पाणी वाहून आणायचं काम माझ्याकडे आलं. स्टेअरिंगवर गावातलाच एक जण बसायचा. मी एका डोळ्यानं ते केलं, दुसरा फुटला होता. पिंपं हिंदकळायची, माझा क्लच जळका वास सोडायचा, पण मी एकदाही घाटात बंद पडले नाही. खालच्या चौकात वहिनी आणि पाववाली पाणी उकळून घरोघर देत होत्या. शेजारी शेजारी उभ्या राहून, एकाच चुलीवर. पूर्वी ज्यांच्या गप्पांना धरबंध नसायचा, त्या दोघी आता "भांडं दे", "झाकण लाव", एवढंच बोलत होत्या.

मुलं बरी झाली. झरा पुन्हा स्वच्छ वाहू लागला. आजोबा वाचले, पण त्यांच्या अंगातली शक्ती गेली ती गेलीच. आता ते खिडकीत बसतात. कुंडाच्या पायऱ्या त्यांना उतरवत नाहीत. पाण्याच्या रांगेत आता नुसती ढकलाढकली चालते.

आम्ही निघालो त्या दिवशी गावाच्या तोंडाशी दोन माणसं खड्डा खणत होती. त्यांनी खांब रोवला आणि खांबावर पाटी लावली. पाटीवर घरगाडीचं चित्र आणि त्यावर तांबडी फुली. या गावात घरगाडीला मज्जाव. मित्रांनो, चित्र माझं होतं! रंगसुद्धा पिवळा! पाणी मी वाहिलं, आणि पाटीवर मीच. राजेचं चित्र कुठं होतं? नाकाला रुमाल लावणाऱ्या बाईचं कुठं होतं? बदाम काढणाऱ्याचं? ते आजही जिथं हवं तिथं जाऊ शकतात. अडवतात मला.

राजे आता माझी किल्ली मागत नाही. तो शहरातल्या एका माल वाहणाऱ्या गाडीवर कामाला आहे. सुट्टीला येतो तेव्हा बादली घेऊन मला धुतो, चाकांच्या मागचा चिखलसुद्धा काढतो. आम्ही बोलत नाही. मी बोललेही असते, पण मला अजून काही सुचलेलं नाही.

यंदा एक निराळी गोष्ट झाली. वहिनी गाडी चालवायला शिकली. या वयात! शेजारी बसून आत्यानं शिकवलं आणि आयुष्यभराचं टोचणं वसूल करून घेतलं. "क्लच म्हणजे शिवणयंत्राचं पायडल नाही, वहिनी," असं ती दर वळणावर म्हणायची. आम्ही हळूहळू डोंगर चढलो आणि त्या पाटीपाशी आलो. रस्त्यावर कुणी नव्हतं. पुढं गेलो असतो तर अडवणारं कुणी नव्हतं. वहिनीनं ब्रेक लावला. मला पाटीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला उभं केलं, आणि दोघी उतरून चढावरून पायी गावात गेल्या. एकीच्या हातात काठी, दुसरीच्या खांद्यावर पहिलीचा हात.

परत आल्या तेव्हा पिशवीत पाव होता. आत्यानं सांगितलं ते मी ऐकलं. पाववालीनं त्यांना ओळख दिली, गुडघ्यांची चौकशी केली, पाव कागदात बांधून दिला आणि पैसे घेतले. पूर्वी ती पैसे घेत नसे. बसा मात्र म्हणाली नाही. आजोबांनी खिडकीतून हात हलवला, तो या दोघींना की ऊन अडवायला, ते कळलं नाही. वहिनीनं पावाचा तुकडा मोडला, पण बराच वेळ तोंडात घातला नाही. मग म्हणाली, पुढच्या वर्षीही येऊ. तेव्हाही इथंच थांबवू.

मित्रांनो, मोठं झाल्यावर तुम्हीही डोंगरात जाल. जुनी गावं पाहाल. जरूर पाहा. पण तिथल्या दगडावर नाव कोरताना, पाण्याच्या वर गाडी उभी करताना, धुक्यात कुणी पाहत नाही असं वाटताना, खाली कुणाचा तरी आजोबा पायरीवर बसला आहे हे ध्यानात असू द्या. आणि जिला तुम्ही फिरवता त्या गाडीला तेलपाणी करा, तिच्या झडपा, खिट्ट्या वेळच्या वेळी तपासा. एवढं करूनही कधी चूक झालीच आणि लोक विचारू लागले, की हे कुणी केलं, तर गाडीकडे बोट दाखवू नका. गाडीला बोट नसतं. म्हणून ती तुमच्याकडे दाखवत नाही, एवढंच.